वेधशाळेवरची फिर्याद

चिपळूणच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांपासून कापडाचा व्यापार करीत आलेल्या माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी एका आषाढात मला सहा पानांचे जे पत्र लिहिले, त्याला पत्र म्हणणे हा केवळ उपचार होय. वस्तुतः ती रीतसर फिर्याद होती, आणि तीत आरोपी म्हणून एकच नाव होते, ते म्हणजे वेधशाळा. निमित्त असे झाले की जिल्ह्याला लाल इशारा देण्यात आला, शाळांना सुट्टी जाहीर झाली, बाजार ओस पडला, आणि दुपारी बारा वाजता पेठेत लख्ख ऊन पडले. स्नेह्यांनी त्याच उन्हात बसून कागद पुढे ओढला असावा. त्यांची कलमे चार. वेधशाळेचे अंदाज इतक्या वेळा चुकतात की ते नसते तर बरे झाले असते, हे पहिले. वाडवडिलांना पंचांगावरून आणि वाऱ्याच्या रोखावरून जे कळत असे ते या यंत्रांना कळत नाही, हे दुसरे. खात्री असेल तरच इशारा द्यावा, एरवी गप्प बसावे, कारण फुकाच्या इशाऱ्यांनी धंदा बुडतो आणि लोकांची भीडही मोडते, हे तिसरे. आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पाण्याने त्यांच्या दुकानातील मालाचा जो चिखल झाला, त्याचा जाब अखेर वेधशाळेकडेच मागितला पाहिजे, हे चौथे.

ज्याने कापडाचे ठाणच्या ठाण पिळून गच्चीवर वाळत घातले आहे त्याच्या रागाचा मी अनादर करीत नाही. परंतु हाच राग आगगाडीच्या डब्यात, कचेरीच्या व्हरांड्यात आणि वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात इतक्या ठरीव शब्दांत ऐकू येतो की तो आता एका माणसाचा राहिला नसून एक सार्वजनिक समजूत होऊन बसला आहे. म्हणून त्याचे उत्तर खाजगी पत्रातून न देता चारचौघांसमोर देणे मला प्राप्त आहे.

आरंभ शब्दापासून करतो, कारण या भांडणाची निम्मी मुळे शब्दात आहेत. वेधशाळा जे प्रसिद्ध करते त्याला आपण ‘अंदाज’ म्हणतो. हा फारसी शब्द मराठीत आला तो अजमास या अर्थाने, आणि सरकारच्या वर्षभराच्या जमाखर्चालाही आपण ‘अंदाजपत्रक’ याच नावाने ओळखतो. फाल्गुनात मांडलेले अंदाजपत्रक पुढच्या फाल्गुनात ‘सुधारित अंदाज’ म्हणून पुन्हा मांडले जाते, त्यातील आकडे खालीवर झालेले असतात, आणि तरीही अर्थमंत्र्याला कोणी ज्योतिषी म्हणून हिणवीत नाही. कारण अजमास हा नव्या माहितीबरोबर दुरुस्त होत जावयाचा असतो हे तेथे आपण निमूटपणे मान्य केलेले आहे. पावसाच्या बाबतीत मात्र आपण ‘अंदाज’ असे म्हणतो आणि मनात ‘भविष्य’ असे समजतो. सकाळचा अंदाज सायंकाळी बदलला की आपल्याला ती लबाडी वाटते. वास्तविक बदलत्या आकाशाखाली न बदलणारा अंदाज हाच संशयास्पद मानला पाहिजे.

आता त्या अंदाजाची भाषा पाहू. पावसाळ्यात ज्या दिवशी काही विशेष नसेल त्या दिवशीही कानावर पडणारे वाक्य असे असते: कोकणात बहुतांश ठिकाणी हलका ते मध्यम, तर तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पाऊस व ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा वाहण्याची शक्यता. ऐकणाऱ्याला हे वाक्य सर्व बाजूंनी सुरक्षित केलेल्या सरकारी खुलाशासारखे वाटते, आणि त्यात त्याचा सर्वस्वी दोष नाही. परंतु यातील प्रत्येक शब्द मोजून घेतलेला आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पडला तर तो मुसळधार, ११५.६ पासून पुढे अतिमुसळधार, आणि २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पडला तर त्याहून वरची, शेवटची पायरी. हे चोवीस तासही घड्याळातल्या मध्यरात्रीपासून नव्हे, तर सकाळी साडेआठपासून साडेआठपर्यंत मोजावयाचे. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रे. म्हणजे ज्या दिवशी तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पाऊस सांगितला आहे त्या दिवशी कोकणातील चारांपैकी तीन माणसांनी तो पाऊस पाहिला नाही, तर अंदाज खोटा ठरत नाही, खरा ठरतो. हे त्या तिघांना कोणी समजावून सांगितले आहे काय? शाळेच्या पाठ्यपुस्तकात मोसमी वाऱ्यांच्या बाणांचे नकाशे आम्ही घोकले. ‘तुरळक’ म्हणजे किती, हे कोणी शिकविले नाही.

विभागांची रचना ही त्यात आणखी एक भर. वेधशाळेने देशाचे ३६ हवामान उपविभाग केले, त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला चार आले: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. त्यातील मध्य महाराष्ट्रात महाबळेश्वरही आहे आणि सोलापूरही आहे. एकीकडे वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस, दुसरीकडे छत्री दुरुस्त करणाऱ्याचा धंदा चालणार नाही अशी अवस्था. आणि दोहोंना मिळून एक नाव. आता इशारे जिल्हावार निघतात, घाटमाथ्यासाठी वेगळे निघतात, तीन तासांपुरते तात्कालिक अंदाजही निघतात, हे खरे. पण बातमी सांगणाऱ्याच्या जिभेवर अजून ‘मध्य महाराष्ट्रात पाऊस’ हेच बसलेले आहे, आणि सोलापूरचा माणूस कोरड्या आकाशाकडे पाहून हसतो.

येथवर वेधशाळेची बाजू मांडली, म्हणून तिची चूक झाकतो असे कोणी समजू नये. २६ जुलै २००५ या तारखेचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; पंचवीस किलोमीटरांच्या आतबाहेर असलेल्या कुलाब्याला ७३ मिलिमीटर. मोठ्या पावसाची कल्पना होती, पण असला आकडा कोणाच्याही स्वप्नात नव्हता, आणि शहराच्या माथ्यावरचे ढग क्षणोक्षणी न्याहाळणारे डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत नव्हते. ही उणीव होती, आणि ती उणीवच म्हणावी लागेल. परंतु ते दोन आकडे शेजारी ठेवून पाहणाऱ्याला दुसरीही एक गोष्ट दिसेल: त्या दिवशी कुलाब्यात राहणाऱ्या गृहस्थाने ‘मुंबईत प्रलयंकारी पाऊस’ असा अंदाज आदल्या दिवशी वाचला असता, तर त्याने सायंकाळी आपल्या खिडकीतून बाहेर पाहून वेधशाळेची टिंगलच केली असती.

ही कल्पना नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ येणार म्हणून मुंबई दोन दिवस श्वास रोखून बसली होती. वादळ आले, पण अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकले. ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटरांच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, दापोली या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या, ज्या आज्यांनी लावल्या आणि नातवांनी खाल्ल्या, एका दुपारीत आडव्या केल्या. कित्येक गावांत पुढे अनेक आठवडे वीज नव्हती. मुंबईत काही फांद्या पडल्या. आणि त्याच सायंकाळी मुंबईत बसलेल्या कित्येकांनी वादळ ‘फुसके निघाले’ असा निकाल दिला. वाडीतला माणूस छपराचे पत्रे शोधीत असताना हा निकाल दिला गेला, आणि तो छापलाही गेला. अंदाज चुकतो असे म्हणणाऱ्याला मी प्रथम एवढेच विचारतो: आपण कोठे उभे राहून हे म्हणता?

दुसऱ्या कलमाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. परंतु पंचांग हे स्नेह्यांचे श्रद्धास्थान आहे आणि माझेही ते आवडते पुस्तक आहे, म्हणून थोडे लिहितो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही सूर्यनक्षत्रे म्हणजे शेतकऱ्याने केलेली ऋतूची उत्तम विभागणी होय. मृग दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागतो, पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा पाऊस, हे शतकांच्या निरीक्षणाचे सार आहे. पण ते ऋतुमान आहे, इशारा नव्हे. नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव हे मोजणीने, नऊने भागून उरलेल्या बाकीवरून ठरते; ती बाकी रत्नागिरीला आणि सोलापूरला एकच उरते, आणि वाहन म्हैस असूनही पाऊस न झाल्याबद्दल पंचांगकर्त्याला आजवर कोणी पत्र लिहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ज्याची चूक आपण कधी मोजलीच नाही तो बिनचूक वाटणारच. वेधशाळेची मोजणी मात्र रोज सकाळी साडेआठला होते. असे असूनही पंचांगात अशी एक गोष्ट आहे की तीवरून स्नेह्यांना त्या जुलैत काही कळू शकले असते. ती वाहन नव्हे. तिच्याकडे मी पुढे येतो.

तिसरे कलम सर्वांत सभ्य दिसते आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. खात्री असेल तरच इशारा द्या! ज्या घरी राखणीचा कुत्रा आहे तेथे या नियमाचा प्रयोग करून पाहावा. पान हलले तरी भुंकणारा कुत्रा झोपमोड करतो, यात संशय नाही. पण चोर आल्याची पुरती खात्री पटल्यावरच भुंकणारा कुत्रा चोराची पाठ दिसल्यावर भुंकेल. पावसाच्या बाबतीत चुका दोन प्रकारच्या होतात: इशारा दिला आणि पाऊस आला नाही, ही एक, पाऊस आला आणि इशारा दिला नव्हता, ही दुसरी. शास्त्र जितके पुढे जाईल तितक्या दोन्ही कमी होतील. परंतु आज हाती आहे त्या शास्त्रात पहिली चूक हट्टाने कमी करू गेल्यास दुसरी तितकीच वाढते, हे गणित कोणाही अधिकाऱ्याला चुकविता येत नाही. पहिल्या चुकीची किंमत एक सुट्टी, एक दिवसाचा गल्ला, थोडी चेष्टा. दुसऱ्या चुकीची किंमत काय, हे चिपळूणकरांना मी सांगावयाचे नाही. जो व्यापारी दुकानाचा विमा उतरवितो आणि वर्षभरात आग लागली नाही म्हणून हप्ता वाया गेल्याचा कांगावा करीत नाही, त्याने लाल इशाऱ्याला मात्र दुसरा न्याय लावावा, हे मला उमगत नाही.

या वादाला इतिहासही आहे. इंग्लंडात रॉबर्ट फिट्झरॉय नावाच्या नौदलाच्या अधिकाऱ्याने, १८५९ साली ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात बुडून शेकडो माणसे मेल्यावर, बंदरांवर वादळाचे बावटे चढविण्याची व्यवस्था उभी केली आणि १८६१ पासून वर्तमानपत्रात हवेचे अंदाज देण्यास प्रारंभ केला. ज्यांच्या टेबलावर चहा आणि वर्तमानपत्र एकदमच येत असे त्यांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. १८६५ साली त्याने स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले. पुढे विद्वानांच्या समितीने, शास्त्राचा पाया अपुरा आहे, खात्री नाही, असे म्हणून ते अंदाज आणि बावटे बंद करविले. नेमके स्नेह्यांचे कलम तिसरे! आणि बावटे पुन्हा चालू करा म्हणून ओरड केली ती समुद्रावर जाणाऱ्यांनी. त्यांना खात्री नको होती. शंका आली तरी कोणीतरी सांगावे एवढेच त्यांना हवे होते. आपल्या किनाऱ्यावरचा कोळीही ‘तीन नंबरचा बावटा’ लागला की होडी ओढून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी समुद्र शांत राहिला म्हणून बंदरखात्याशी भांडावयास जात नाही.

याच्या उलट उदाहरण द्यावयाचे तर मे २०२१ मधील तौक्ते वादळाचे देता येईल. अनेक दिवस आधीपासून इशारे जात होते, नौका परत बोलाविल्या जात होत्या. तरी मुंबईच्या समुद्रातील तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा अडीचशेहून अधिक माणसे घेऊन तेथेच थांबला, आणि १७ मे रोजी बुडाला. माणसे मेली ती सत्तराच्या आसपास. तेथे अंदाज चुकला नव्हता. वाचणाऱ्याने तो वाचला, तोलून पाहिला, आणि आपल्या सोयीचा अर्थ घेतला.

आता चौथे कलम. या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे, आणि येथे मी थोडा थांबणार आहे.

पाऊस ही एक वस्तू आणि पूर ही दुसरी वस्तू, हे म्हटले तर बाळबोध विधान होय, पण आपली सगळी व्यवस्था आणि सगळी तक्रार या दोहोंच्या सरमिसळीवर उभी आहे. वेधशाळा सांगते ते आकाशातून किती पडेल हे. दुकानदाराला जाणून घ्यावयाचे असते ते माझ्या उंबऱ्यावर पाणी किती वाजता आणि किती चढेल हे. या दोन वाक्यांच्या मध्ये एक अख्खा प्रदेश पसरला आहे. हिशेब करून पाहावा: एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी होते. दहा किलोमीटर लांब आणि दहा किलोमीटर रुंद एवढ्या चौकोनावर दोनशे मिलिमीटर पडला, तर त्याचे दोन कोटी घनमीटर, म्हणजे धरणांच्या भाषेत सुमारे ०.७ टीएमसी पाणी झाले. ज्या पुराविषयी आपण बोलतो आहोत त्याच्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. वाशिष्ठी काही कृष्णेसारखी दूरच्या प्रवासाची नदी नव्हे; सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरून अरबी समुद्राला मिळेपर्यंत तिची सारी लांबी सत्तर-एक किलोमीटर. कड्यावर पडलेले पाणी पेठेत यावयास दिवस लागत नाहीत, काही घटका पुरतात.

या पाण्याला वाटेत आणखी कोण कोण भेटते ते पाहा. कोयनेचे पूर्वेकडे वाहणारे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून त्याची वीज केली जाते, आणि वीज झाल्यावर ते कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीलाच येऊन मिळते. म्हणजे या नदीला स्वतःच्या पावसाबरोबर शेजारच्या खोऱ्याचेही पाणी वाहावे लागते, आणि ते किती सुटेल व केव्हा सुटेल हे ठरविणारी कचेरी निराळी. पात्रात वर्षानुवर्षे गाळ साचलेला. तो काढावा म्हणून पुरानंतर नागरिकांना साखळी उपोषणास बसावे लागले, ही कचेरी आणखी निराळी. पूररेषा आखणारे निराळे: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल रेषा, आणि त्या रेषांच्या आत इमारतीला परवानगी देणारे त्याहून निराळे. शेवटी समुद्र. भरतीचे पाणी खाडीतून वर चढत असेल तर नदीला तोंडच उरत नाही, ती मागे सरते आणि गल्ल्यांत शिरते. २२ जुलै २०२१ ही तारीख पंचांगात काढून पाहावी. आषाढी एकादशी दोन दिवसांपूर्वी झाली होती आणि गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. पौर्णिमेच्या आसपास उधाण असते हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असते. स्नेह्यांच्या भिंतीवरच्या पंचांगात त्या दिवसाची ही तिथी छापलेली होती, आणि त्याच दिवसाचा वेधशाळेचा लाल इशाराही होता. एक वाहन पाहण्यासाठी उघडले गेले आणि दुसरा हसण्यासाठी. दोन्ही कागद शेजारी ठेवून, ‘मुसळधार आणि उधाण एकदम, तेव्हा तळमजला रिकामा करा’ असे पेठेला ओरडून सांगणारा मनुष्य मात्र कोणत्याही कचेरीच्या आस्थापनेवर नेमलेला नव्हता.

माझे म्हणणे एवढेच आहे. पावसाचे पाण्यात भाषांतर करणे हे आपल्याकडे कोणाचेच काम नाही. काय होते ते मी एका तहसील कचेरीत बसून पाहिलेले आहे. इशारा येतो, आता तो तारेने न येता भ्रमणध्वनीवर येतो. जिल्ह्याच्या कक्षातून तालुक्याला, तालुक्यातून तलाठी, पोलीस पाटील आणि ग्रामसेवकांच्या समूहाला तो जसाच्या तसा, एकही शब्द न बदलता, पुढे ढकलला जातो. ‘सतर्क राहावे’ असे खाली जोडलेले असते. कोठे सतर्क राहावे? किती वाजता? कोणत्या आळीने? तीनशे मिलिमीटर पडला तर मच्छी मार्केटच्या कोपऱ्यावर किती फूट पाणी येईल, हे गावात चार म्हाताऱ्यांना ठाऊक असते, दप्तरात कोठेही नसते. दप्तरात असते ती इशारा दिल्याची नोंद, वेळ आणि जावक क्रमांकासह. पूर ओसरल्यावर हीच नोंद चौकशीत पुढे केली जाते, आणि मग पंचनामे, अनुदान, पुन्हा पंचनामे. डिसेंबर २००५ मध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा केला, प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण दिले, जिल्हाधिकाऱ्याला त्याचे अध्यक्ष केले. पण लाल रंग आला की सहजी दिसणारी एकच कृती होते, ती म्हणजे शाळेला सुट्टी. सुट्टी देऊन मुले सुरक्षित होतात, हे मान्य. तळमजल्यावरच्या कापडाच्या गठ्ठ्यांना सुट्टी देता येत नाही.

हे भाषांतर अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी घाट चढून कोल्हापूर-सांगलीकडे जावे. तेथे पावसाळ्यात कोणी मिलिमीटर विचारीत नाही. ‘राजाराम बंधाऱ्याला किती झाले?’, ‘आयर्विनला किती?’ हा प्रश्न पानपट्टीपासून न्यायालयापर्यंत सर्वत्र असतो, आणि उत्तर फुटांत मिळते. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना पोहोचली की इशारा, ४३ ला धोका. सांगलीत आयर्विन पुलाशी ४० आणि ४५. कितव्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी येते, कोणता रस्ता बंद होतो, कोणाच्या गोठ्यातली जनावरे आधी सोडावी लागतात, हे तिथल्या बाईमाणसांनाही तोंडपाठ असते. ही विद्या कोणा विद्यापीठाने दिलेली नाही. पुलाच्या खांबावर रंगविलेल्या एका पट्टीने दिली आहे. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली, म्हणजे पट्टी पुरी पडत नाही हेही खरे. ज्या उंचीचा अनुभव कोणालाच नव्हता त्या उंचीचा अर्थ पट्टी सांगू शकली नाही, आणि नावा तर पुरेशा नव्हत्याच. परंतु कोकणातल्या किती नद्यांच्या काठी अशी पट्टी आहे, की जी घरातल्या म्हातारीला वाचता येते आणि जिच्या आकड्याला गल्लीचे नाव जोडलेले आहे?

आणि ओडिशाकडे पाहावे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली फायलिन हे तितक्याच दरारा बसविणाऱ्या ताकदीचे वादळ त्याच किनाऱ्यावर आले, आणि मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. चौदा वर्षांत अंदाजाचे शास्त्र सुधारले, हे खरे. पण केवळ त्यामुळे हे घडले नाही. मधल्या काळात किनाऱ्यालगत निवारे बांधले गेले, गावोगाव कोणी कोणाला उठवावयाचे आणि कोणत्या वाटेने न्यावयाचे हे ठरले, आणि वेधशाळेचे वाक्य येताच जवळजवळ दहा लाख माणसे घरातून हलविली गेली. वाक्य तेच होते, पण या वेळी ते झेलावयास खाली हात होते.

आमच्याकडे दरडींच्या बाबतीत तर हा विचारही अजून रांगतो आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला महाडजवळचे तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी आठवडा पावसाचा होता, प्रत्येक वेळी डोंगर उताराचा होता, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी आपण एकमेकांना विचारले की कोणी सांगितले कसे नाही. पावसाचे सांगितले होते. त्या उतारावरच्या मातीत किती पाणी मुरले की ती सुटते, हे सांगणारा कोणी नव्हता. आणि ते वेधशाळेने सांगावे अशी अपेक्षा करणे म्हणजे नाडी पाहणाऱ्या वैद्याला घराचा पाया तपासावयास सांगण्यासारखे आहे.

म्हणून स्नेह्यांच्या फिर्यादीवर माझी पहिली हरकत अशी, की त्यांनी आरोपी चुकीचा धरला आहे. आणि दुसरी, जास्त गंभीर, अशी की चुकीचा आरोपी धरल्याने खऱ्यांची सोय होते. आकाशाला शिव्या घातल्या की ज्याने गाळ काढावयाचा होता, ज्याने निळ्या रेषेच्या आत शिक्का मारावयाचा नव्हता, ज्याने विसर्गाची वेळ पेठेला कळवावयाची होती, ते सर्व पावसाकडे बोट दाखवून आपापल्या खुर्चीत निश्चिंत बसतात. प्रत्येक पुरानंतर ‘ढगफुटी झाली’ हा शब्द ज्या तत्परतेने उच्चारला जातो, त्या तत्परतेत मला शास्त्रापेक्षा सुटकेचा निःश्वास अधिक ऐकू येतो. ढगफुटीवर कोणाला निलंबित करता येत नाही.

वेधशाळेने आपले घर सावरावे, तिची मराठी अधिक माणसाळलेली असावी, ‘तुरळक’ आणि ‘काही ठिकाणी’ यांचे अर्थ तिने गावागावांत लावावेत, घाटातल्या एका दरीतून दुसऱ्या दरीत बदलणाऱ्या पावसाला तिचे गणित अजून पुरे पडत नाही हे तिने उघड म्हणावे, या सर्व मागण्यांवर मी सही करावयास तयार आहे. अंदाज बंद करण्याच्या अर्जावर नव्हे.

हे सर्व मी स्नेह्यांना तोंडी सांगावे म्हणून श्रावणात चिपळूणला गेलो. पेठेत पाणी येऊन गेल्याच्या खुणा दुकानांच्या भिंतींवर अजून आहेत. २००५ ची एक, २०२१ ची तिच्यावर. ज्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात आम्ही दोघे विद्यार्थिदशेत एकाच बाकावर बसून वाचीत असू, तेथेही या दोन्ही पुरांनी प्रवेश केला होता. स्नेही दुकानात होते. माझे दोन मुद्दे त्यांनी ऐकून घेतले, तिसऱ्याला गिऱ्हाईक आले. ते परकर दाखवीत असता मी इकडेतिकडे पाहिले. विजेचा मीटर पूर्वी दाराशी कमरेइतक्या उंचीवर असे, तो आता छताला टेकेल असा वर बसविलेला होता. भारी साड्यांचे कपाट लोखंडी माळ्यावर चढले होते, माळ्याला शिडी कायमची जोडलेली होती, आणि गल्ल्याच्या वर, पंचांगाला लागूनच, खिळ्याला अडकविलेल्या वहीत आठवड्याच्या भरतीच्या वेळा कोणीतरी पेन्सिलीने उतरून ठेवल्या होत्या. अक्षर मी ओळखले. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारले, ‘तर मग तिसरा मुद्दा काय म्हणालात?’